लक्ष्मणराव किर्लोस्कर : वर्गातून कारखान्याकडे

आपल्या रायपुरातील बहुतेक मराठी कुटुंबे येथे आली ती नोकरीच्या निमित्ताने. रेल्वे, कचेरी, शाळा, महाविद्यालय ह्यांवर आपले संसार उभे राहिले. त्यामुळे पक्की नोकरी सोडणे हा आपल्या घरांत अद्यापि अविचारच समजला जातो. असा अविचार एका मराठी शिक्षकाने एकोणिसावे शतक संपत असता केला, त्याची ही हकीकत.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर ह्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले; परंतु काही रंग त्यांच्या डोळ्यांस ओळखता येत नसल्याचे आढळले. रंग सुटले, रेषा मात्र हाती राहिली. यंत्रांची रेखाटने शिकून ते तेथील व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिक्षक झाले. पुढे हक्काची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली आणि लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला.

अपमान गिळून निवृत्तीपर्यंत दिवस मोजणारे मी माझ्या नोकरीत पुष्कळ पाहिले आहेत. लक्ष्मणरावांना मात्र जायला ठिकाण होते. बेळगावास १८८८ पासून वडीलबंधू रामुअण्णांसह चालविलेले सायकलींचे दुकान होते. तेथेच कडबा कापण्याचे यंत्र व पुढे लोखंडी नांगर तयार झाला. नांगर तयार झाला खरा, पण तो घेणार कोण? लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. मास्तरकीचा पगार गेलेला आणि माल पडून राहिलेला! ह्या दोन वर्षांत त्या घरात काय घडले असेल, ह्याची कल्पना संसारी वाचकाने करावी.

त्यातच नगरपालिकेच्या नव्या वसाहतीसाठी बेळगावची जागा सोडावी लागली. त्या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. हे स्वतः चित्रकार होते, ही येथे मौजेची गोष्ट. त्यांनी दहा हजार रुपये कर्जाऊ दिले व कुंडल रोड स्थानकाजवळचा निवडुंगाने व नागांनी भरलेला बत्तीस एकरांचा माळ दिला. १९१० साली पंचवीस कामगार कुटुंबांसह तेथे किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूर संस्थानातील जुन्या तोफा मिळवून त्यांचे नांगर ओतण्यात आले. आज उरला-सिलतऱ्याच्या धुराकडे पाहणाऱ्यांस त्या टंचाईची कल्पना येणे कठीण.

सहकारीही त्यांनी प्रशस्तिपत्रे पाहून निवडले नाहीत. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तेथे कल्पक यंत्रज्ञ ठरले; परीक्षेत नापास झालेल्या के. के. कुलकर्णींनी पडेल ते काम सांभाळले. रात्रीच्या पहाऱ्यास शिक्षा भोगून आलेली माणसे नेमली. वाडीत अस्पृश्यता पाळण्यास बंदी होती. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले, तोपर्यंत त्या माळावर एक सबंध गाव नांदू लागले होते.