संगणकाच्या चौकटीत देवनागरी नांदवणारे र. कृ. जोशी

संगणकावर काम करता करता मध्येच एक लहानशी चौकट पुढे येते. केलेले बदल जतन करायचे की नाहीत, एवढेच ती विचारते. खाली दोन बटणे असतात. चौकटीतला मजकूर मराठीत असला, तरी ती अक्षरे कोणी घडवली असतील हा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही. सरकारी कचेऱ्यांतील लिपिकांना आणि टंकलेखनाच्या परीक्षांना बसणाऱ्या लाखो उमेदवारांना ‘मंगल’ हे नाव पाठ आहे. त्यामागे असलेले रघुनाथ कृष्ण जोशी हे नाव मात्र सुलेखन आणि मुद्राक्षरकलेच्या वर्तुळाबाहेर फारसे गेले नाही.

र. कृ. जोशी यांचा जन्म १९३६ सालचा. मुंबईच्या सर जे. जे. मध्ये त्यांनी उपयोजित कलेचे शिक्षण घेतले आणि जाहिरातीच्या व्यवसायात पाऊल टाकले. पुढे ‘उल्का’ या संस्थेत ते कलादिग्दर्शक म्हणून दीर्घकाळ काम करीत होते. जाहिरातीचा धंदा थोडक्या जागेत नेमके सांगण्याचा. वाचणाऱ्याला वेळ नाही, जागा बोटभर आणि शब्द मोजके. ही शिस्त त्यांच्या अंगी मुरली ती तिथेच.

जोशी कवीही होते. त्यांच्या कवितेत शब्दाचा अर्थ आणि अक्षराचा आकार यांची फारकत करता येत नसे. कागदावर अक्षरे कशी मांडली आहेत, यावरच कविता उभी राही. त्या पिढीतले आणखी एक मोठे कवी अरुण कोलटकर हेही मुंबईच्या जाहिरातविश्वातलेच कलावंत होते. मराठी कविता आणि मुंबईचा आर्ट स्टुडिओ यांचे हे नाते आपल्या समीक्षेने जितके तपासायला हवे होते, तितके तपासलेले नाही.

ऐंशीच्या दशकात जोशी पवईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्राध्यापक म्हणून आले आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत तेथे शिकवीत राहिले. बोरू आणि कुंचला हातात धरणारा हा माणूस अभियंत्यांच्या शेजारी बसला आणि त्यांची भाषा शिकला. अक्षराचे वळण म्हणजे हाताची सवय, ही कलावंताची समजूत. वळण म्हणजे गणिती वक्ररेषा, ही अभियंत्याची. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे ओळखणाऱ्या थोड्या भारतीयांपैकी ते एक होते. संगणकावर मुद्राक्षरे आखण्याच्या ‘विन्यास’ या प्रणालीच्या घडणीत त्यांचा वाटा होता. भारतातल्या साऱ्या भाषा एकाच लिपीत लिहिता याव्यात म्हणून ‘देशनागरी’ची कल्पनाही त्यांनी मांडली. ती कागदावरच राहिली, याचे आश्चर्य वाटू नये. लिपी ही कोणी ठरवून सोडून देण्याची वस्तू नव्हे.

त्यांचे सर्वांत दूरवर पोहोचलेले काम आयुष्याच्या उत्तरार्धात झाले, जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात. हीच संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. त्या कामाचे मोल कळण्यासाठी त्याआधीची स्थिती आठवावी लागते.

नव्वदच्या दशकात संगणकावर मराठी नव्हती असे नाही. वर्तमानपत्रे निघत होती, पुस्तके छापली जात होती. पण प्रत्येक कंपनीचा फॉन्ट वेगळा आणि प्रत्येक फॉन्टची सांकेतिक मांडणी वेगळी. इंग्रजी अक्षरांच्या जागा घेऊन तिथे देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. पानावर फॉन्ट निवडला की मराठी दिसे. तोच मजकूर दुसऱ्या संगणकावर गेला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन कचरा होई. पान निदान सावरता येई. खिडकीचे शीर्षक, यादीतील नोंद, फाइलचे नाव आणि संदेशाची चौकट यांचे काय? तिथला फॉन्ट निवडण्याचा अधिकार वापरणाऱ्याला नव्हता. तो यंत्रणेच्या हाती होता आणि यंत्रणा सहसा इंग्रजीच जाणत होती. त्यामुळे मजकूर मराठी, पण त्याविषयी यंत्राशी होणारे बोलणे इंग्रजीत, अशी अवस्था होती. मराठी कादंबरीची फाइलही रोमन अक्षरांतल्या नावाने साठवावी लागे. आपली भाषा पाहुणी म्हणून पानावर आली होती. घरात तिला जागा नव्हती.

युनिकोडने प्रत्येक लिपीतील प्रत्येक वर्णाला स्वतंत्र क्रमांक दिला आणि हा तिढा सुटण्याची वाट मोकळी झाली. पण क्रमांक म्हणजे अक्षर नव्हे. ‘कि’ लिहिताना क आधी आणि वेलांटी नंतर साठवली जाते, दिसताना मात्र वेलांटी आधी यावी लागते. ‘र्क’मधला र व्यंजनाच्या डोक्यावर जाऊन बसतो, ‘क्र’मधला पायाशी येतो आणि ‘वाऱ्या’मधला तिसरेच रूप घेतो. ही जुळणी करणारा संगणकीय भाग आणि तिला लागणारी सारी रूपे पोटात बाळगणारा फॉन्ट असे दोन्ही हवे होते. २००० साली आलेल्या विंडोज २००० मध्ये देवनागरीसाठी ‘मंगल’ आणि तमिळसाठी ‘लथा’ हे फॉन्ट आले. पुढच्या आवृत्त्यांत गुजरातीसाठी ‘श्रुती’, गुरुमुखीसाठी ‘रावी’, तेलुगूसाठी ‘गौतमी’, कन्नडसाठी ‘तुंगा’, बंगालीसाठी ‘वृंदा’ आणि मल्याळमसाठी ‘कार्तिका’ आले. या साऱ्या घडणीचे सूत्रधार जोशी होते आणि विनय सायनेकर यांच्यासारखे तरुण त्यांच्या सोबत होते.

यात कलावंताची कसोटी कुठे लागली, हे समजून घेण्यासारखे आहे. त्या काळच्या पडद्यावर संदेशचौकटीतला मजकूर बहुधा आठ पॉइंटांत दिसे. म्हणजे अक्षराच्या वाट्याला उभे सुमारे अकरा ठिपके. रोमन लिपीचे तेवढ्यात भागते. देवनागरी मात्र तीन मजली आहे. वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार. मध्ये शिरोरेषा व अक्षराचा देह. खाली उकार आणि ऋकार. शिरोरेषा ठिपक्यांच्या एकाच ओळीत यायला हवी, नाहीतर शब्द फाटल्यासारखा दिसतो. काना एक ठिपका जाड. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक एखाद्या ठिपक्यावर तोललेला. बोरूची जाड-बारीक लय इथे परवडणारी नव्हती, म्हणून ‘मंगल’ची रेषा जवळजवळ एकसारख्या जाडीची झाली. छापील पानावर हा फॉन्ट कोरडा आणि निःसत्त्व वाटतो, अशी तक्रार नेहमी होते आणि ती खोटी नाही. पण पुस्तकाच्या पानासाठी तो घडवलेलाच नव्हता. उत्तम सुलेखनकार असलेल्या माणसाने आपल्या हाताची सारी ऐट बाजूला ठेवून ही अक्षरे काढली, हे तक्रार करताना विसरले जाते.

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात पाचव्या शतकातील वराहदेवाचा लेख आहे. वाकाटकांच्या ताम्रपटांवरील ब्राह्मीत अक्षरांच्या माथ्यावर लहान चौकोन कोरलेले दिसतात. छिन्नीने दिलेले ते वळण होते. साधन बदलले की अक्षर बदलते, ही गोष्ट छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात राहणाऱ्यांना वेगळी सांगायला नको. छिन्नीच्या जागी ठिपका आला, एवढेच.

चौकटीचा प्रश्न केवळ फॉन्टने मिटणारा नव्हता. चौकटीची लांबी-रुंदी इंग्रजी मजकुराच्या मापाने ठरवलेली असली की मराठीतला ऊकार खालून छाटला जाई आणि बटणावरचा लांब शब्द अर्ध्यावर तुटे. क्यूटी, जीटीके, डब्ल्यूएक्स यांसारख्या, एकच प्रोग्राम अनेक यंत्रणांवर चालवू देणाऱ्या साधनसंचांनी मोजमाप आधी ठरवण्याऐवजी मजकूर किती जागा घेतो ते पाहून चौकट आखण्याची पद्धत रुळवली. विंडोजवर होकाराचे बटण आधी आणि नकाराचे नंतर, तर मॅकवर होकार उजव्या टोकाला, असले भेदही हेच संच सांभाळतात. पण अक्षरे नीट जुळली नाहीत, तर ही सारी व्यवस्था फुकट. लिनक्सच्या पडद्यावर भारतीय लिपी आणण्यासाठी जुहूच्या केंद्राने ‘इंडिक्स’ हा प्रकल्प हाती घेतला होता. जोशी यांच्या नावावरून ओळखला जाणारा ‘रघु’ हा फॉन्टही तिथलाच, सर्वांना मोफत वापरता येणारा.

मराठी वाचकांचा एक आक्षेप मात्र जोशी यांच्या पश्चात अधिक तीव्र झाला. ‘मंगल’मधला ल आणि श हिंदी वळणाचे आहेत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठीची प्रमाण रूपे ठरवली. तोवर देशभरच्या संगणकांवर दुसरीच रूपे स्थिरावली होती. मराठी माणसाने घडवलेल्या फॉन्टात मराठी वळण नसावे, हे अनेकांना खटकते. हिंदी, मराठी, नेपाळी आणि संस्कृत यांना मिळून एकच फॉन्ट द्यायचा म्हटल्यावर कोणाचे तरी वळण मागे पडणार होते. ते आपले पडले. भाषेनुसार अक्षराचे रूप बदलण्याची सोय तंत्रज्ञानात होती, पण ती प्रत्यक्षात सर्वत्र पोहोचायला पुढे बरीच वर्षे लागली.

शेवटच्या काळात जोशी वैदिक स्वरचिन्हांच्या कामात गढले होते. उदात्त-अनुदात्ताच्या खुणा, सामवेदाच्या गायनातील अंक, शाखाशाखांतील अनुस्वारांचे भेद हे सारे संगणकावर यायचे तर प्रत्येक खुणेला युनिकोडमध्ये जागा हवी. धर्माधिकारी यांच्यासारख्या वेदविद्वानांबरोबर बसून त्यांनी या खुणांची छाननी केली. फेब्रुवारी २००८ मध्ये त्यांचे निधन झाले. वैदिक चिन्हांचा स्वतंत्र विभाग युनिकोडच्या ५.२ या आवृत्तीत ऑक्टोबर २००९ मध्ये दाखल झाला.

२०१२ च्या विंडोज ८ पासून संदेशचौकटीतली देवनागरी ‘निर्मला’ या नव्या फॉन्टात दिसू लागली आणि विंडोज १० मध्ये ‘मंगल’ मागणीनुसार घेण्याच्या यादीत गेला. तरीही भरतीच्या टंकलेखन चाचण्यांच्या जाहिरातींत त्याचे नाव छापून येते.