देहातील मंद अग्नी

पौष महिन्यातील पहाट. भंडारा जिल्ह्यातील जुन्या मालगुजारी तलावांवर धुके दाटलेले असते. धान कापून झाल्यामुळे बांध्या रिकाम्या पडलेल्या असतात आणि गावात ठिकठिकाणी शेकोट्या पेटलेल्या असतात. पितळी भांड्यांसाठी भंडारा पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. अशाच एखाद्या पितळी तांब्यात रात्री कढत पाणी भरून ठेवले, तर पहाटेपर्यंत ते थंडगार होऊन जाते. परंतु त्याच घराच्या वळचणीला एक चिमणी रात्रभर बसलेली असते. तिचे वजन जेमतेम २५ ग्रॅम. तांब्यापुढे ती कितीतरी लहान. तरीही पहाटे तिच्या देहाचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास कायम असते. गोठ्यातील गाय, चुलीजवळचे मांजर आणि अंथरुणातील मूल यांचीही गोष्ट हीच. तांब्या निवतो, पक्ष्याचा व सस्तन प्राण्याचा जिवंत देह मात्र निवत नाही. ही ऊब येते कोठून?

हा प्रश्न फार जुना आहे. आपल्याकडे जठराग्नीची कल्पना प्राचीन काळापासून आहे. ग्रीक पंडितांना वाटे की, हृदयातच मूळची उष्णता साठवलेली असते आणि ती निववण्यासाठी आपण श्वास घेतो. पुढे कित्येक शतके युरोपातील लोक हेच मानत राहिले. देहातील या अग्नीला प्रथम तराजूत घालून पाहिले ते आंत्वान लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने.

लाव्हाझिएचा जन्म २६ ऑगस्ट १७४३ रोजी पॅरिस येथे झाला. त्याचे वडील नामांकित वकील होते. तो पाच वर्षांचा असतानाच त्याची आई निवर्तली. मुलानेही वकील व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. त्याप्रमाणे कायद्याचा अभ्यास पुरा करून त्याने सनद मिळवली. परंतु त्याचे मन रमले ते गणित, खनिजे आणि रसायने यांत. पॅरिसच्या रस्त्यांवर रात्री दिवाबत्ती कशी करावी, या विषयावरील त्याच्या निबंधाला १७६६ मध्ये सुवर्णपदक मिळाले. १७६८ मध्ये, पंचविशीच्या आतच, फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने त्याला सभासद करून घेतले.

त्याच वर्षी त्याने आणखी एक पाऊल उचलले. फ्रान्सच्या राजासाठी मीठ, तंबाखू इत्यादी वस्तूंवरील कर गोळा करण्याचा मक्ता काही धनिकांच्या मंडळीकडे होता. त्या मंडळीत लाव्हाझिएने भागी घेतली. त्या उत्पन्नातून त्याने उत्तमोत्तम तराजू व उपकरणे तयार करवून घेतली. त्याची प्रयोगशाळा युरोपात अजोड ठरली. पण जनतेच्या मनात या मक्तेदारांविषयी रोष धुमसत होता.

१७७१ मध्ये त्याचा विवाह मारी पोल्झ हिच्याशी झाला. ती मंडळीतील एका भागीदाराची कन्या. तेव्हा ती अवघी तेरा वर्षांची होती. पुढे ती इंग्रजी शिकली आणि इंग्रज शास्त्रज्ञांचे लेख पतीसाठी फ्रेंचमध्ये उतरवू लागली. तिने चित्रकला आत्मसात केली आणि उपकरणांच्या अचूक आकृत्या काढल्या. प्रयोगशाळेत टिपणे ठेवण्याचे कामही ती करी.

लाव्हाझिएची पद्धत साधी होती. प्रयोगापूर्वी प्रत्येक वस्तू तोलावी, प्रयोगानंतर पुन्हा तोलावी आणि हिशेब जुळला म्हणजेच निष्कर्ष काढावा. त्या काळी लोक समजत की, जळताना पदार्थातून एक अदृश्य द्रव्य बाहेर पडते. लाव्हाझिएच्या तराजूने उलटीच साक्ष दिली. गंधक जळाले की त्यातून निघणाऱ्या पदार्थाचे वजन वाढलेले आढळे. मग ही भर कोठून पडली? १७७४ मध्ये प्रीस्टली हा इंग्रज शास्त्रज्ञ पॅरिसला आला. आपल्याला एक नवा वायू मिळाला असून त्यात मेणबत्ती अतिशय तेजाने जळते, असे त्याने सांगितले. लाव्हाझिएने त्या वायूचा कसून अभ्यास केला. बंद हवेत बारा दिवस पारा तापवून त्याने दाखवले की, हवेचा एक ठराविक भाग पाऱ्याशी संयोग पावतो. जळणे म्हणजे या वायूशी संयोग होणे. त्यालाच आपण प्राणवायू किंवा ऑक्सिजन म्हणतो. ऑक्सिजन हे नाव लाव्हाझिएनेच घडवले.

बंद भांड्यात दिवा विझतो आणि प्राणीही गुदमरतो. जळताना कोळसा प्राणवायू घेतो व कार्बन डायऑक्साइड वायू सोडतो. श्वासोच्छ्वासातही तेच घडते. मग श्वसन हेही एक प्रकारचे ज्वलनच नसेल काय? कल्पना मोहक होती. पण केवळ साम्यावर विसंबणारा हा शास्त्रज्ञ नव्हता. दोन्ही अग्नींची उष्णता मोजून पाहिल्याशिवाय त्याचे समाधान होणार नव्हते.

उष्णता तराजूत कशी तोलावी? लाप्लास या थोर गणितज्ञाच्या साहाय्याने त्याने युक्ती काढली. त्यांनी एकात एक बसणारे तीन कप्पे असलेले धातूचे भांडे बनवले. सर्वांत आतील जाळीच्या कप्प्यात प्राणी ठेवायचा आणि त्याभोवतीच्या कप्प्यात बर्फ भरायचा. बाहेरच्या हवेची ऊब आत शिरू नये म्हणून सर्वांत बाहेरच्या कप्प्यातही बर्फच भरायचा. प्राण्याच्या उष्णतेने मधल्या कप्प्यातील बर्फ वितळेल आणि ते पाणी तोटीवाटे खाली येईल. जितके पाणी, तितकी उष्णता!

१७८२–८३ च्या हिवाळ्यात हे प्रयोग झाले. सशासारखा दिसणारा गिनीपिग नावाचा एक लहान प्राणी त्यांनी या भांड्यात ठेवला. दहा तासांत त्याच्या ऊबेने सुमारे ४०० ग्रॅम बर्फ वितळला. तितक्याच अवधीत तो प्राणी किती कार्बन डायऑक्साइड सोडतो, हेही त्यांनी मोजले. तेवढाच वायू मिळेल इतका कोळसा जाळला, तर सुमारे ३२० ग्रॅम बर्फ वितळेल, असा हिशेब निघाला. आकडे अगदी सारखे नव्हते, परंतु जवळचे होते. आणि दोघांनी हा फरक लपवला नाही. थंडीत बसून प्राण्याचे शरीर थोडे निवले असावे, असे एक कारण त्यांनी मांडले. पुढे लाव्हाझिएने ओळखले की, अन्नातील हायड्रोजनचाही प्राणवायूशी संयोग होऊन पाणी बनते आणि त्यातूनही उष्णता मिळते. थोडक्यात, चुलीतील अग्नी आणि देहातील ऊब या दोहोंचे मूळ एकच ठरले. फरक इतकाच की, देहातील ज्वलन मंद असते आणि त्याला ज्वाळा नसते.

पुढे १७८९–९० च्या सुमारास सेगँ या तरुण सहकाऱ्याने स्वतःचाच देह प्रयोगासाठी पुढे केला. त्याच्या तोंडावर हवाबंद मुखवटा बसवून त्याला लागणारा प्राणवायू मोजण्यात आला. मारी शेजारच्या मेजावर बसून आकडे टिपून घेत असे. असे आढळले की, थंडी वाढली की माणूस अधिक प्राणवायू घेतो. जेवणानंतरही तो अधिक लागतो. आणि अंगमेहनत सुरू झाली की त्याचे प्रमाण दुपटीहून अधिक होते. तरीही देहाचे तापमान फारसे बदलत नाही. अन्न इंधन पुरवते, श्वास ते जाळतो आणि जादा उष्णता घाम वाहून नेतो. या तिघांच्या मेळाने देहाचा समतोल राहतो, हे लाव्हाझिएने सांगितले.

या प्रयोगांतून आणखी एक अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आली. जो अधिक राबतो त्याच्या देहात अधिक जळते. म्हणून त्याला अधिक अन्न हवे. परंतु जगात तर उलटच दिसते. राबणारा गरीब अर्धपोटी राहतो आणि ज्याला देह झिजवावा लागत नाही त्याच्या घरी विपुलता असते. लाव्हाझिएने ही विसंगती आपल्या निबंधात स्पष्टपणे मांडली आणि समाजव्यवस्था सुधारून ती दूर व्हावी अशी आशा व्यक्त केली. मात्र त्याची स्वतःची श्रीमंती त्याच गरिबांच्या करांतून आलेली होती. शहरात येणारा माल कर चुकवू नये म्हणून पॅरिसभोवती भिंत बांधण्याच्या योजनेतही त्याचा पुढाकार होता. लोक हे विसरले नव्हते.

१७८९ मध्ये फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. त्याच वर्षी लाव्हाझिएचा रसायनशास्त्रावरील प्रसिद्ध ग्रंथ मारीने काढलेल्या आकृत्यांसह बाहेर पडला. नव्या राजवटीसाठीही त्याने वजनेमापे ठरवण्याचे काम केले. परंतु क्रांतीने उग्र रूप धारण केले. करांचा मक्ता आधीच मोडीत निघाला होता. १७९३ मध्ये विज्ञान अकादमीही बरखास्त झाली. नोव्हेंबरमध्ये सर्व मक्तेदारांना पकडण्याचा हुकूम सुटला, तेव्हा लाव्हाझिए स्वतःहून हजर झाला. ८ मे १७९४ रोजी खटला चालला आणि त्याच दिवशी अठ्ठावीस जणांचा शिरच्छेद करण्यात आला. त्यांत मारीचा पिता होता आणि पतीही होता. लाव्हाझिएचे वय तेव्हा पन्नास वर्षांचे होते.

मारीची सर्व मालमत्ता जप्त झाली. ती पुढच्या वर्षी परत मिळाली, तेव्हा पतीची कागदपत्रे व उपकरणे तिने काळजीपूर्वक जतन केली. त्याचे राहिलेले निबंध तिने १८०५ मध्ये प्रसिद्ध केले. १८३६ मध्ये ती वारली.

लाव्हाझिएच्या सर्वच समजुती टिकल्या नाहीत. उष्णता हे एक वजनरहित द्रव्य आहे असे तो मानी. ते चूक ठरले. देहातील ज्वलन फुप्फुसांत होते असे त्याला वाटे. एकोणिसाव्या शतकात सिद्ध झाले की ते शरीरातील असंख्य पेशींत चालते. रक्त केवळ प्राणवायू पोहोचवते. मात्र त्याने घातलेला पाया भक्कम होता. त्या पायावर उभे राहूनच आज आपल्याला चिमणीचे कोडे सुटते.

वस्तू जितकी लहान, तितका तिच्या वजनाच्या मानाने पृष्ठभाग मोठा आणि तितकी ऊब लवकर निसटते. म्हणून चिमणीच्या देहातील अग्नी फार वेगाने जळतो आणि तिला दिवसभर दाणे टिपावे लागतात. रात्री ती पिसे फुलवते. पिसांत अडकलेली हवा रजईचे काम करते. थंडी फार वाढली की तिचे स्नायू थरथरतात आणि अधिक उष्णता निर्माण होते. तान्ह्या बाळांच्या व अनेक लहान सस्तन प्राण्यांच्या देहात तर केवळ ऊब देण्यासाठी एक खास तपकिरी चरबी असते. उलट, साप व सरडे असा अग्नी बाळगत नाहीत. म्हणून ते उन्हाची वाट पाहतात आणि थोड्या अन्नावर भागवतात. वैशाखात भंडाऱ्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास चढतो, तेव्हा प्रश्न उलटा होतो. तेव्हा ऊब राखायची नसते, तर बाहेर टाकायची असते. कुत्रा जीभ काढून धापा टाकतो, कावळा चोच उघडी ठेवतो, म्हैस तलावात डुंबते आणि माणसाला घाम येतो.

आषाढात बांध्यांत पाणी साचते आणि धानाची रोवणी सुरू होते. गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून रोप लावणाऱ्या बाईचा श्वास जलद चालतो आणि तिला कडकडून भूक लागते. तिच्या देहात खरोखरच अधिक इंधन जळत असते. तिच्या ताटातील भात हे त्या अग्नीचे सरपण आहे. ते पुरेसे असले पाहिजे, हा केवळ दयेचा प्रश्न नसून साधा हिशेब आहे. सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये एका माणसाने तो हिशेब मांडून ठेवला.