संसदेनं पैसा दिला, जाबही मागितला: संरक्षणमंत्री यशवंतराव

देवराष्ट्रे गावात १२ मार्च १९१३ रोजी जन्मलेल्या यशवंतराव चव्हाणांचे वडील लवकर गेले. आई विठाईनं कष्ट करून लेकरं वाढवली. स्वातंत्र्यलढा, तुरुंग आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचं पहिलं मुख्यमंत्रिपद, हा प्रवास सगळ्यांना ठाऊक आहे.

ऑक्टोबर १९६२ मध्ये चीननं हल्ला केला. लढा कितीही लांबला तरी आक्रमकाला हटवायचंच, हा ठराव लोकसभेनं १४ नोव्हेंबरला उभं राहून मंजूर केला. पण जवानांकडे पुरेसे गरम कपडे नव्हते, रायफली जुन्या होत्या. नुसत्या ठरावानं काय भागणार? कृष्ण मेनन आधीच पायउतार झाले होते. नेहरूंनी यशवंतरावांना दिल्लीला बोलावलं. २१ नोव्हेंबरला त्यांनी शपथ घेतली, त्याच दिवशी चीननं युद्धबंदी जाहीर केली.

खरं काम तिथून सुरू झालं. पुढच्या अर्थसंकल्पात संरक्षणाची तरतूद दुपटीच्या वर गेली. संसदेनं पैसा दिला, तसा पराभवाचा जाबही मागितला. सप्टेंबर १९६३ मध्ये यशवंतरावांनी चौकशीचे निष्कर्ष लोकसभेत सांगितले. अहवाल मात्र गुप्तच ठेवला. १९६४ मध्ये पाच वर्षांची संरक्षण योजना आली: सव्वाआठ लाखांचं सैन्य, ४५ स्क्वाड्रनचं हवाई दल.

१ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्ताननं छांबवर चाल केली. यशवंतरावांनी हवाई दलाला लगेच परवानगी दिली. बेळगावात केंद्र असलेल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान हुसैनीवाल्याला ठाण मांडून लढले. या वेळी सैन्य तयारीनिशी उभं होतं.

२५ नोव्हेंबर १९८४ रोजी यशवंतराव गेले.