पेनीचा हिशेब मांडणारा सुतार

एलिझाबेथ राणीच्या काळात लंडनला नाटक पाहायला निघालेल्या माणसाला दारातच एक पेनी द्यावी लागे. त्या पेनीत मिळे ती उघड्या आकाशाखालच्या अंगणात उभे राहण्याची जागा. मराठी रंगभूमीच्या भाषेत बोलायचे तर हा पिटातला प्रेक्षक. बसायचे असेल, तर पुढच्या दारावर दुसरी पेनी देऊन छपराखालच्या गॅलरीत शिरायचे. गॅलरीतली अधिक निवांत जागा हवी असेल, तर तिसरी पेनी. कुशल कारागिराची दिवसाची मजुरी साधारण बारा पेनी आणि एका पेनीला पाव मिळे, असा तो जमाना. दारागणिक दर वाढवणारी ही पद्धत ज्याच्या नाट्यगृहात रुळली, त्या जेम्स बर्बेजचे आयुष्य मात्र या पेन्यांच्या हिशेबातच झिजून गेले.

बर्बेजचा जन्म १५३१ च्या सुमाराचा. धंद्याने तो सुतार. त्यात बरकत नव्हती म्हणून असेल किंवा हौस म्हणून असेल, तो नट झाला आणि अर्ल ऑफ लेस्टरच्या आश्रयाखालील नाटक मंडळीचा प्रमुख बनला. १५७४ मध्ये राणीने या मंडळीला जो परवाना दिला, त्यात पहिले नाव बर्बेजचे आहे. परवाना मिळाला, तरी हक्काची जागा नव्हती. नाटके होत ती बहुधा सराईच्या अंगणात, तिथल्या मालकाच्या मर्जीवर. शिवाय नाटकांमुळे गर्दी, रोगराई आणि बेशिस्त वाढते, अशी लंडनच्या नगरशासनाची धारणा होती. तेव्हा घर बांधायचे तर ते शहराच्या अधिकारक्षेत्राबाहेरच, हे बर्बेजने ओळखले.

एप्रिल १५७६ मध्ये त्याने उत्तरेकडील शोरडिच भागात जाइल्स ॲलन याच्याकडून एकवीस वर्षांच्या कराराने जमीन घेतली. भाडे वर्षाला चौदा पौंड. करारात ॲलनने एक गंमतीदार अट घातली होती. तो आणि त्याचे कुटुंबीय जागा भरण्यापूर्वी आले, तर त्यांना वरच्या गॅलरीत फुकट बसू द्यावे! भांडवलासाठी बर्बेजने जॉन ब्रेन या किराणा व्यापारी मेहुण्याला भागीदार केले. ब्रेनने १५६७ मध्ये व्हाइटचॅपल भागात 'रेड लायन' नावाची नाट्यवास्तू उभारली होती. कर्ज काढून उभ्या राहिलेल्या शोरडिचच्या लाकडी वास्तूला नाव दिले गेले साधेच, 'द थिएटर'.

घर उभे राहिले आणि भांडणही. अंगणाच्या दारावरचे पैसे नटांचे, गॅलरीच्या उत्पन्नात मालकांचा वाटा, अशी रीत होती. गल्ला बंद पेटीत जमा होई. बर्बेजने त्या पेटीची गुप्त किल्ली करवून घेतली असून तो भागीदाराच्या वाट्याची नाणी परस्पर काढून घेतो, असा आरोप ब्रेनच्या बाजूने न्यायालयात झाला. १५८६ मध्ये ब्रेन वारला, तरी दावे थांबले नाहीत. नोव्हेंबर १५९० मध्ये त्याची विधवा गॅलरीच्या उत्पन्नातला अर्धा वाटा मागायला नाट्यगृहाच्या दाराशी आली, तेव्हा बर्बेजचा धाकटा मुलगा रिचर्ड झाडूचा दांडा घेऊन तिच्या माणसांवर धावून गेला. हाच रिचर्ड पुढे शेक्सपिअरचा पहिला हॅम्लेट ठरला.

करार १५९७ मध्ये संपणार होता आणि ॲलन नूतनीकरणास राजी होत नव्हता. साठी ओलांडलेल्या बर्बेजने मग मोठे धाडस केले. फेब्रुवारी १५९६ मध्ये त्याने ब्लॅकफ्रायर्स येथील जुन्या मठाचा काही भाग सहाशे पौंडांना विकत घेतला. सहाशे पौंड म्हणजे एक लाख चव्वेचाळीस हजार पेन्या! तिथे पावसापाण्याची चिंता नव्हती. मेणबत्त्यांच्या उजेडात, सर्वांना बसायला जागा देऊन, अधिक दराने नाटके करता आली असती. पण वस्तीतल्या प्रतिष्ठितांनी विरोधाचा अर्ज केला. बर्बेजची मंडळी ज्याच्या आश्रयाखाली होती, त्या लॉर्ड हन्सडनचीही त्यावर सही होती. राजदरबाराने मनाई केली. एक नाट्यगृह हातचे निसटत असलेले, दुसरे बंद, अशा अवस्थेत फेब्रुवारी १५९७ च्या आरंभी बर्बेजचे निधन झाले.

जमीन ॲलनची असली, तरी तिच्यावरची लाकडे आमची, अशी त्याच्या मुलांची भूमिका होती. डिसेंबर १५९८ च्या अखेरीस कथबर्ट आणि रिचर्ड यांनी पीटर स्ट्रीट या सुताराला हाताशी धरून 'द थिएटर' खिळाखिळी करून उतरवले. तेच लाकूड थेम्सच्या दक्षिण तीरावर गेले आणि १५९९ मध्ये त्यातून 'ग्लोब' उभे राहिले. खर्चासाठी बर्बेज बंधूंनी शेक्सपिअरसह आपल्या मंडळीतील नटांना मालकीत वाटा दिला. ब्लॅकफ्रायर्सचे दारही काही वर्षांनी याच मंडळीला खुले झाले. तिथे सर्वांत स्वस्त जागा सहा पेन्यांची होती.

२००८ मध्ये शोरडिचला झालेल्या उत्खननात 'द थिएटर'च्या पायाचे अवशेष सापडले. जी जमीन बर्बेजची कधीच झाली नाही, तिनेच त्याच्या घराची खूण चारशे वर्षांहून अधिक काळ जपून ठेवली होती.