दारू बदलली आणि बंदूक बदलली

बँकेच्या नोकरीत एक गोष्ट माझ्या चांगलीच अंगवळणी पडली. खतावणीत कुणी एका जागी आकडा बदलला, की त्याचा परिणाम कुठल्या तरी लांबच्या पानावर उमटतोच. आकडा बदलणाऱ्याला त्या पानाची कल्पनाही नसते. निस्तरणारा मात्र रात्री उशिरापर्यंत दिव्याखाली बसतो. जॉन गॅरंड यांची जीवनकथा वाचताना मला हे वारंवार आठवत राहिले.

बंदूक हा काही आपल्या माजघरातला विषय नव्हे. पण ही कथा युद्धापेक्षा एका कारागिराची अधिक आहे.

गॅरंड यांचा जन्म १ जानेवारी १८८८ रोजी कॅनडाच्या क्युबेक प्रांतात, फ्रेंच बोलणाऱ्या शेतकरी कुटुंबात झाला. भावंडे बारा. लहानपणीच आई गेली आणि वडील मुलांना घेऊन अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात आले. शाळा अर्धवट सुटली. पोरगा कापडगिरणीत झाडू मारू लागला. झाडता झाडता तो यंत्रांकडे बघायचा, आणि बघता बघता त्याच गिरणीत यंत्रकारागीर झाला. लेथ आणि कानस हीच त्याची पाठ्यपुस्तके. नेमबाजीचा नादही याच वयात लागला.

१९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि सैन्याला हलकी मशिनगन हवी होती. गॅरंड यांनी आराखडा पाठवला, तो पसंतही पडला. पण नमुना तयार होईपर्यंत युद्ध संपून गेले. माणूस मात्र अधिकाऱ्यांच्या नजरेत भरला होता. १९१९ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेत त्यांना बोलावणे आले. काम एकच होते. दर गोळीनंतर हाताने बोल्ट मागेपुढे करावा लागू नये, नुसता चाप ओढत राहावा आणि पुढचा तोटा आपोआप भरला जावा, अशी रायफल बनवायची. तिलाच अर्धस्वयंचलित रायफल म्हणतात.

गॅरंड यांनी शोधलेली पहिली युक्ती मोठी नाजूक होती. तोट्याच्या बुडाशी एक छोटी टोपी असते. तिच्यावर आघात झाला की ठिणगी पडते आणि आतली दारू पेटते. (दारू म्हणजे बंदुकीची, रविवार असला तरी भुवया उंचावू नयेत.) दारूच्या दाबाने ती टोपी केसभर मागे सरकते. त्या केसभर सरकण्यातूनच सगळी यंत्रणा हलवायची, अशी ती कल्पना. काही वर्षे खपून त्यांनी तिचे नमुने तयार केले. त्यांच्या चाचण्याही सुरू झाल्या.

आणि १९२५ च्या सुमारास सैन्याने काडतूसच बदलले. नवी गोळी आली आणि तिच्याबरोबर नव्या प्रकारची, हळूहळू जळत जाणारी दारू आली. टोप्याही तोट्यात घट्ट दाबून बसवल्या जाऊ लागल्या. तो निर्णय त्याच्या जागी योग्यच होता. पण आता टोपी मागे सरकेना. टोपीच्या बळावर चालणारी गॅरंड यांची बंदूक त्या एका निर्णयाने निकालात निघाली.

त्यांनी पाटी पुसून पुन्हा सुरुवात केली. गोळी नळीतून बाहेर पडताना तिच्यामागे जो वायू कोंडलेला असतो, त्यातला थोडासा नळीच्या तोंडापाशी अडवायचा. त्याने दट्ट्या ढकलायचा. दट्ट्याला जोडलेला लांब दांडा मागे जाऊन बोल्ट उघडेल, असा हा नवा मार्ग होता. त्यांचे प्रतिस्पर्धी जॉन पेडरसन यांच्या बंदुकीला मेण चोपडलेली काडतुसे लागत. गॅरंड यांच्या बंदुकीला ती लागत नसत. १९३२ साली आणखी एक वळण आले. चाचण्यांत लहान व्यासाचे नवे काडतूस पसंत पडले होते. पण जुन्या काडतुसांचा प्रचंड साठा शिल्लक होता, म्हणून सेनाप्रमुख जनरल मॅकआर्थर यांनी जुनेच काडतूस कायम ठेवले. गॅरंड यांनी त्याच्याशीही जुळवून घेतले.

शेवटी १९३६ च्या जानेवारीत 'एम वन' रायफल सैन्याने स्वीकारली. एका वेळी आठ गोळ्या भरणारी ही बंदूक दुसऱ्या महायुद्धात सुमारे ४० लाख बनली. जनरल पॅटन यांनी तर तिची लेखी प्रशंसा केली.

मी बँकवाला, त्यामुळे जमेच्या बाजूला काय पडले हे बघणे आलेच. गॅरंड यांनी शोधाचे हक्क सरकारला देऊन टाकले. नगामागे एक सेंट जरी मिळाला असता तरी चाळीस लाखांचे चाळीस हजार डॉलर झाले असते. त्यांच्या हाती पडला तो पगार, आणि १९४४ साली एक सरकारी पदक. एक लाख डॉलर बक्षीस द्यावे असे विधेयक अमेरिकी संसदेत आले होते, ते मंजूर झाले नाही. १९५३ साली ते निवृत्त झाले आणि १६ फेब्रुवारी १९७४ रोजी स्प्रिंगफील्डमध्येच वारले.

दारूची गोष्ट मात्र इथे संपत नाही. युद्धानंतर सरकारकडे ४८९५ क्रमांकाची दारू ढिगाने उरली होती. कॅन्सस राज्यातल्या ब्रूस हॉजडन नावाच्या गृहस्थांनी आपल्या विमा पॉलिसीवर कर्ज काढून ती विकत घेतली आणि हौशी नेमबाजांना विकली. तिकडे रिकामे तोटे जपून ठेवून, नवी टोपी, दारू आणि गोळी घालून ते घरीच पुन्हा भरण्याचा छंद आहे. जुन्या 'एम वन'साठी ४८९५ अगदी जमून गेली.

पण ती दुकानात मिळाली नाही तर? पर्यायी दारू घ्यावी लागते, आणि इथे नवखा माणूस चुकतो. गोळी तेवढ्याच वेगाने जाते ना, नेम तेवढाच लागतो ना, एवढेच तो पाहतो. हाताने बोल्ट ओढायच्या बंदुकीत तेवढे खपून जाईलही. 'एम वन'मध्ये फार सावकाश जळणारी दारू घातली, तर गोळी तोंडाशी पोचेपर्यंत मागचा दाब जास्त उरतो. दट्ट्याला जोराचा धक्का बसतो आणि तो लांब दांडा वाकतो. उलट दाब कमी पडला, तर बोल्ट पुरता मागे जात नाही आणि पुढचा तोटा अडकतो. म्हणून जाणकार माणूस आधी छापील कोष्टक उघडतो. 'एम वन'साठी म्हणून दिलेलीच दारू आणि मात्रा घेतो, सुरुवात कमीत कमी मात्रेपासून करतो आणि तराजूवर तोलल्याशिवाय कण घालत नाही. कोष्टकात नसेल तर त्या दिवशी तोटे रिकामेच ठेवतो.

त्या तराजूपाशी बसलेल्या माणसाला १९२५ ची हकिकत ठाऊक असेलच असे नाही. स्प्रिंगफील्डच्या शस्त्रशाळेतल्या एका कारागिराला मात्र ती पुरती ठाऊक होती. काडतूस दुसऱ्यांनी बदलले होते आणि दुसरी बंदूक त्याला बनवावी लागली होती.