इंदूरच्या दिवाळीत तुळशीची रोपं वाटणारे पॅट्रिक गेडिस कोण होते?

मीरा रोड-भाईंदरला फ्लॅट घेतला की इंटिरियरच्या गप्पांमध्ये हल्ली ‘बायोफिलिक डिझाइन’ हा शब्द ऐकू येतो. सोप्या भाषेत, घरात उजेड, वारा आणि झाडं आणायची. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक असलेल्या एका स्कॉटिश माणसाने शंभर वर्षांपूर्वी हेच काम अख्ख्या गावांसाठी केलं होतं. त्यांचं नाव सर पॅट्रिक गेडिस.

गेडिस यांचा जन्म १८५४ चा. मूळचे ते जीवशास्त्रज्ञ. १८७९ मध्ये ते मेक्सिकोला गेले आणि तिथे आजारपणात काही काळ त्यांची दृष्टी गेली. ती परत आली, पण सूक्ष्मदर्शकावर तासन्‌तास बसणं जमेना. मग सजीव आणि भोवताल यांचं नातं ते माणसांच्या वस्त्यांमध्ये शोधू लागले.

१८८६ मध्ये त्यांचं अ‍ॅना मॉर्टन यांच्याशी लग्न झालं. थोड्याच दिवसांत हे जोडपं एडिनबरामधल्या जेम्स कोर्ट या दाटीवाटीच्या, मोडकळीला आलेल्या वस्तीत राहायला गेलं. शेजाऱ्यांना सोबत घेऊन त्यांनी साफसफाई केली, भिंती रंगवल्या, खिडक्यांत फुलझाडं ठेवली.

१९१४ मध्ये गेडिस भारतात आले. त्यांचं नगररचनेचं प्रदर्शन घेऊन येणारं जहाज ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने बुडवलं. त्यांनी नवं प्रदर्शन उभं केलं आणि गावोगावी फिरून अहवाल लिहायला सुरुवात केली.

तेव्हा सुधारणा म्हणजे जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढायचा आणि मध्ये येणारी घरं पाडायची. बेघर झालेली माणसं दुसरीकडे आणखी दाटीत राहायची. गेडिस गल्लीबोळ पायी फिरायचे. अगदी पडायला आलेली मोजकीच घरं काढायची आणि त्या जागेत झाडं लावायची, असं ते सुचवायचे. या पद्धतीला त्यांनी ‘कन्झर्व्हेटिव्ह सर्जरी’ नाव दिलं.

१९१७ मध्ये त्यांचा मुलगा अ‍ॅलस्टेअर फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला. अ‍ॅना तेव्हा आजारी होत्या, म्हणून गेडिस यांनी ही बातमी त्यांना सांगितलीच नाही. जूनमध्ये कोलकात्यात अ‍ॅनाही गेल्या.

त्याच वर्षी होळकरांच्या इंदूरमध्ये प्लेग होता. हा साहेब आला म्हणजे घरं पाडणार, अशी लोकांना धास्ती होती. गेडिस यांनी वेगळीच शक्कल काढली. ज्या रस्त्यांवर सर्वात जास्त घरं स्वच्छ आणि दुरुस्त होतील, तिथूनच दिवाळीची मिरवणूक जाईल, असं जाहीर झालं. गाव कामाला लागलं. मिरवणुकीत प्लेगचा भलामोठा उंदीर होता, आणि शेवटी छोट्या कुंड्यांतून तुळशीची रोपं वाटली गेली.

तुळसच का? गेडिस यांच्या मते नीट राखलेल्या हिंदू घराची ती खूण होती. तुळशीला रोज पाणी आणि ऊन लागतं. म्हणजे ती जगवायची तर अंगण मोकळं आणि स्वच्छ ठेवावंच लागतं.

१९१९ ते १९२४ ते मुंबईत शिकवत होते. गो. स. घुर्ये हे त्यांचेच विद्यार्थी. १९३२ मध्ये गेडिस यांना ‘सर’ किताब मिळाला आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांची पद्धत फ्लॅटलाही लागू पडते. आधी कोणत्या खिडकीत किती वेळ ऊन येतं ते बघा. उजेड-वारा अडवणारं कपाट हलवा. कुंडी त्यानंतर आणा.