पालवणकर बाळू

आम्ही नगरकर विद्यार्थी सुट्टीत फिरकी टाकावयास धावतो. ज्यांनी ती पोटासाठी टाकली, त्या बाळूंचे चरित्र मात्र थोड्यांसच ठाऊक. धारवाडास जन्मलेले, चर्मकार समाजातील बाळू पुण्यास क्रिकेटमध्ये शिरले ते पगारी नोकर म्हणून. पारशी क्लबात महिना 3 रुपये, पुढे पूना क्लबात 4. खेळपट्टी लाटावी, जाळी बांधावी, आणि साहेबांस तासन् तास चेंडू टाकावेत. बॅट हाती कोण देणार! तथापि ह्याच चाकरीत त्यांचा डावा हात तयार झाला. पुण्याच्या हिंदूंनी त्यांस संघात घेतले खरे. चहा मात्र मंडपाबाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यात.

1906 साली मुंबईस हिंदूंनी युरोपियनांस 109 धावांनी जिंकले, त्यात बाळूंचा वाटा मोठा. 1911 च्या विलायतच्या दौऱ्यात त्यांनी 114 बळी घेतले. एवढे होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांस दिले गेले नाही, हे आम्हांस फार बोचते. 1920 साली त्यांस वगळले, तेव्हा बंधू शिवराम व विठ्ठल ह्यांनी खेळण्याचे नाकारले. 1923 साली विठ्ठल कर्णधार झाले व चौरंगी सामने हिंदूंनी जिंकले. तोवर बाळूंचा खेळ आटोपला होता. 1955 साली ते मुंबईत निवर्तले.